बेलामी रोडच्या कडेने

१४ ऑगस्ट १९८४, मंगळवार

आज मिस्टर टार्पली दुकानात आले आणि चक्क बसले. एकोणीस वर्षं मी त्यांच्या गाळ्यात शिवणकाम करते. एरवी आले तर दारातूनच टोपीला हात लावून जातात. आज टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आर्नेटा, तू मतपत्रिका कधी तळापर्यंत वाचतेस का?"

"तळाचंच आधी वाचते," मी म्हटलं.

ते हसले. म्हणाले, यंदा नोव्हेंबरात तळाला राज्यघटनेतली एक दुरुस्ती आहे. ती मंजूर झाली की आमच्या बेलामी रोडसारख्या धंद्याच्या रस्त्यांना आपापला सुधार-पट्टा करता येईल. म्हणजे पट्ट्यातल्यांनी आपणच आपल्यावर कर लावायचा आणि त्यातून रस्ता, दिवे, गटारं करून घ्यायची. काउंटीच्या कचेरीच्या तोंडाकडे बघत बसायला नको.

"आणि फुटपाथ?" मी विचारलं.

"फुटपाथ तर आलाच की."

"पट्ट्यातले म्हणजे आम्ही सगळेच?"

"आपण सगळेच, आर्नेटा." मग हँडबिलांचा गठ्ठा कापडाच्या टेबलावर ठेवला. "तुझं लोक ऐकतात. चर्चमध्ये, लाँड्रीत. एवढं वाटून टाक."

ते गेल्यावर मशीनवर बसले, पण पाय चालेना. खिडकीतून उन्हात तापलेला रस्ता दिसत होता, आणि त्याच्या कडेने पायांनी पाडलेली ती लाल मातीची वाट. एका अंगाला गाड्या, दुसऱ्या अंगाला खड्डा, खड्ड्याच्या पलीकडे कुड्झूच्या वेलींनी गिळलेले विजेचे खांब. बघता बघता त्या वाटेवर कुणीतरी पांढरं कापड उलगडत नेल्यासारखं वाटलं. लाँड्रीच्या वळणापासून थेट बस थांब्यापर्यंत. सरळ, बिनसुरकुतीचं. आणि त्यावरून फ्लोरीन येत होती, लाँड्रीतले पांढरे बूट घालून, हात हलवत, कुणाच्याही गाडीकडे न बघता.

माझी धाकटी बहीण त्या वळणावर गेली, त्याला अडीच वर्षं झाली. तरी चारच्या सुमाराला ती येते. मी कुणाला सांगत नाही.

२५ ऑगस्ट, शनिवार

मिस्टर मॅथिस आले. या महिन्यातली ही तिसरी पँट. म्हणे एक बोट आखूड करून द्या. मी म्हटलं, "मिस्टर मॅथिस, पँट लांब होत नसते. तुम्हीच आखूड होताय की काय?"

"तीस वर्षं टपाल वाटलं, मिस आर्नेटा. पाय झिजणारच."

बसले. गोड चहा दिला, त्यातला बर्फ वितळून पाणी होईपर्यंत पेला हातात धरून होते. हँडबिल उचललं आणि दोनदा वाचलं. या माणसाला वाचायची घाई कधीच नसते. मग म्हणाले, "यात 'मालक' हा शब्द तीनदा आहे. 'लोक' एकदाच."

"तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते. लोकांची पत्रं वाचून वाचून टपालवाले संशयी होतात."

"एकाचंही वाचलं नाही कधी," ते शांतपणे म्हणाले. "पाकिटावरूनच कळायचं."

मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा या रस्त्याचं काही भलं होतंय आणि हे शब्द मोजत बसलेत. पँटला टीप मारून हातात दिली आणि चहा संपला का विचारलंही नाही. दारात उभे राहून म्हणाले, "पुढच्या शनिवारी एक कोट आणतो. अस्तर सुटलंय." एकटा माणूस, घरी करमत नसावं.

१६ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये बोलले. उपासना संपल्यावर पाद्रीसाहेबांनी पाच मिनिटं दिली, मी बारा घेतली. लोकांच्या हातातले पंखे हलत होते, रंगीत काचांचा उजेड सगळ्यांच्या मांडीवर सांडला होता, आणि मला वाटत होतं की मी नाही, दुसरंच कुणी माझ्या तोंडून बोलतंय. मी म्हटलं, आपण या रस्त्यावर धुतो, शिवतो, भांडी घासतो, खाटा आवरतो. या रस्त्यावर आपलं सगळं आहे, फक्त पाय ठेवायला जागा नाही. कुणीतरी "खरंय, ताई" म्हणालं. मग बरेच जण म्हणाले.

बाहेर झेल्माने गाठलं. झेल्मा फ्लोरीनबरोबर लाँड्रीत होती, अजून आहे. तिच्या तोंडाला कुलूप नाही.

"बोललीस छान. पण कर भरणार कोण?"

"पट्ट्यातले."

"आणि टार्पली तो कर काय स्वतःच्या खिशातून भरणार? भाड्यात घालेल, बाई. तुझ्या."

"घालू दे. फुटपाथ तर होईल."

"आर्नेटा, तुला फुटपाथ एवढा मोठा दिसतो की त्याच्या पलीकडचं काही दिसतच नाही." मग माझा हात दाबला आणि म्हणाली, "तुझं काय, तू उघड्या डोळ्यांनी झोपतेस. फ्लोरीन म्हणायचीच."

घरी पायी आले. धुकं नव्हतं, तरी सगळं धुक्यातून दिसावं तसं दिसत होतं. खड्ड्याच्या काठाने पिवळी रानफुलं गुडघ्याएवढी वाढलीत. ट्रक गेला की सगळी एकदम वाकतात आणि मग एकेक करून उठतात.

३ ऑक्टोबर, बुधवार

आज लिहून टाकते.

त्या दिवशी लग्नाचा झगा पुरा करायचा होता आणि मोत्याची बटणं कमी पडली. फ्लोरीनच्या घरी डबा होता. लाँड्रीत फोन केला. ती म्हणाली, "उद्या आणते गं, पाय दुखतायत." मी म्हटलं, "उद्या नको, आजच आण."

ती घरी गेली, डबा घेतला आणि परत निघाली. संध्याकाळ होती, भुरभुर पाऊस. ट्रकवाला म्हणाला, दिसलीच नाही. खोटं बोलला नसेल. तिथं दिवा नाही.

बटणं लाल मातीत सापडत राहिली, आठवडाभर.

हे मी पाद्रीसाहेबांनाही सांगितलेलं नाही. इथं लिहिल्यावर नुसतंच शांत वाटलं, पाण्याखाली गेल्यावर वाटतं तसं.

६ नोव्हेंबर, मंगळवार

मत दिलं. सकाळी सातला रांगेत होते, निळा कोट घालून. पहिलं मत दिलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. त्याआधी, आम्हा काळ्यांना दारातूनच परत पाठवायचे तेव्हा, दोनदा नाव नोंदवायला गेले होते. एकदा म्हणाले, आज बंद आहे. एकदा नुसतं बघत राहिले, मी उठून जाईपर्यंत. म्हणून मतपेटीशी मी अजूनही नटूनच जाते.

तळाचा प्रश्न शोधला. 'हो'च्या चौकोनावर खूण केली आणि ती खूण बघत उभी राहिले. मागची बाई खाकरली तेव्हा भानावर आले.

दारात मिस्टर मॅथिस भेटले, आत जात होते. "काय केलंत मग?" मी विचारलं.

"गुप्त मतदान असतं, मिस आर्नेटा." थोडं पुढे जाऊन वळले. "पण तुम्ही बारा मिनिटं बोललात ती मी पूर्ण ऐकली."

ते आमच्या चर्चचे नाहीतच. त्या दिवशी कशाला आले होते कोण जाणे.

७ नोव्हेंबर, बुधवार

मंजूर. राज्यभर मंजूर. रेडिओवर एकच वाक्य आलं, हवामानाच्या आधी. मी कात्री खाली ठेवली आणि दुकानभर चालून आले, कापडांच्या ठाणांना हात लावत. दुपारी मिस्टर टार्पलींनी फुलं पाठवली. माझ्या दुकानात फुलं!

चारला फ्लोरीन आली. आज ती थांबून आत बघतेय असं वाटलं.

११ एप्रिल १९८५, गुरुवार

महिनोन्‌महिने काही लिहिण्यासारखं नव्हतं. राजधानीत, अटलांटात, आमच्या काउंटीसाठी वेगळा कायदा झाला, काउंटीने मान डोलावली, आणि आज बेलामी रोडच्या सुधार-पट्ट्याची पहिली बैठक. मोटेलच्या हॉलमध्ये. मी लिंबाचा केक करून नेला. पुढच्या रांगेत बसले.

एक तरुण वकील होता, गोरा, केस चापून बसवलेले. माझ्याकडे वाकून म्हणाला, "मॅडम, या खुर्च्या मालकांसाठी आहेत. पाहुण्यांसाठी मागे सोय केलीय."

मला वाटलं त्याची काही चूक होतेय. मिस्टर टार्पलींकडे बघितलं. ते कागद चाळत होते.

मागे बसले. वकिलाने यादी वाचली. पट्ट्यात अकरा मालक. ज्याची जमीन, त्याचं मत. जेवढी मोठी जमीन, तेवढं जड मत. अकरांतल्या निदान सहांच्या सह्या झाल्या की पट्टा सुरू. मी हात वर केला. "आणि गाळेवाले?"

"तुझी जागा माझ्या नावात आलीच की, आर्नेटा," मिस्टर टार्पली म्हणाले. किती गोड आवाजात म्हणाले. एक-दोघे हसले, तेही गोडच.

मग पहिल्या वर्षाची कामं वाचली. नव्या शॉपिंग सेंटरकडे वळायला जादा लेन. दोन्ही टोकांना दगडी कमान आणि नावाची पाटी. पाटीवर दिवे. फुटपाथ 'पुढच्या टप्प्यात, परिस्थिती पाहून'.

केक तिथंच राहिला. मी निघाले तेव्हा त्यांनी तो कापायला घेतला होता.

चालत आले. पायाखाली तीच माती. बाजूला डॉगवुड फुललाय, झाडांवर पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखा. मी रागावले नव्हते. झोपेत कुणी पांघरूण ओढून न्यावं आणि आपण उठून विचारूही नये, तसं काहीतरी झालं होतं. चर्चमधल्या सगळ्यांची तोंडं डोळ्यांपुढे येत होती. बारा मिनिटं मी त्यांना काय सांगत होते? मी खोटं बोलले नव्हते. मी नीट विचारलं नव्हतं. यातलं वाईट कोणतं, मला ठरवता येत नाही.

१५ एप्रिल, सोमवार

मिस्टर टार्पली आले. बसले नाहीत.

"पाच सह्या झाल्या. सहावी अडलीय. तुझ्या त्या मॅथिसची."

"मिस्टर मॅथिसांची? त्यांचा काय संबंध?"

"पीचचं जुनं दुकान, लाँड्रीच्या वळणावरचं. बापाचं होतं, आता त्याचं आहे. बाकीचे पाचजण अटलांटात राहतात, पत्राला उत्तर देत नाहीत. हा एक इथं असून 'विचार करतो' म्हणतो. चार दिवस झाले विचार करतोय." मग टोपी बोटावर फिरवत म्हणाले, "तू बोल त्याच्याशी. तो तुझं ऐकेल."

"माझं कशाला ऐकतील ते?"

मिस्टर टार्पली हसायला लागले. "आर्नेटा, तू खरंच..." म्हणाले आणि हसतच गेले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते समजलं नाही.

इतकी वर्षं ते बंद दुकान मी रोज बघते, फळ्या मारलेलं. कुणाचं आहे असा विचारसुद्धा मनात आला नाही. त्या वळणावर मी मान वर करत नाही, त्यामुळेही असेल.

२० एप्रिल, शनिवार

आज मिस्टर मॅथिस आले नाहीत, म्हणून मीच गेले.

वळणावर थांबायची ही तीन वर्षांत पहिली वेळ. ऊन कोवळं होतं. हनीसकलच्या वेलीचा वास इतका दाट की वाटेत मधोमध उभा असल्यासारखा. मिस्टर मॅथिस बंद दुकानासमोर उलट्या खोक्यावर बसून उकडलेल्या शेंगा खात होते. मला बघून उठले, रुमालाने दुसरं खोकं पुसलं.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत की हे तुमचं आहे," मी म्हटलं.

"तुम्ही या बाजूला बघत नाही. मग बोलणार कसा?"

काही वेळ दोघंही शेंगा सोलत बसलो. टरफलं कोमट होती. गाड्या जात होत्या आणि त्यांचा आवाज लांबून, झोपेतून ऐकू यावा तसा येत होता.

"टार्पलींनी पाठवलंय तुम्हाला," ते म्हणाले.

"हो."

"सही करू?"

"ते तुम्ही ठरवायचं."

"तुम्ही सांगाल तसं करीन."

आणि मला एकदम रडू फुटलं. रागाचं रडू. "मी सांगेन तसं नको! मला कुणाच्या हाताने मत द्यायचं नाहीय, मिस्टर मॅथिस. बेचाळीस वर्षं वाट बघून मला माझं मत मिळालं होतं. त्याच मताने मी या लोकांना कुलूप करून दिलं आणि किल्लीही त्यांच्याच हातात दिली. तुम्ही ऑगस्टातच सांगत होतात आणि मी तुमचा चहासुद्धा..." पुढे बोलता येईना.

त्यांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग म्हणाले, "मत मला देता येणार नाही. ते जमिनीला चिकटलंय. पण सही माझ्या हाताला आहे, आणि ती कुठल्या कागदावर करायची ते मी ठरवू शकतो." कोटाच्या खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं. "तो कागद तुम्ही लिहा. टार्पली त्यावर आधी सही करतील. काउंटीच्या ठरावात तो जसाच्या तसा जाईल. मगच मी."

"त्यांनी नाही म्हटलं तर?"

"मला घाई नाही. मी तीस वर्षं पायी फिरलोय."

शेंगांच्या कागदी पिशवीच्या मागे मी लिहिलं. लाँड्रीच्या वळणापासून बस थांब्यापर्यंत फुटपाथ, पहिल्याच वर्षी, कमानीच्या आधी. वळणावर दिवा. फ्लोरीनचं नाव लिहावंसं वाटलं, पण लिहिलं नाही. तरी त्यांनी ती ओळ वाचताना वळणाकडे बघितलं. "एक दिवा पुरेल? दोन लिहा," म्हणाले.

मग मी त्यांना बटणांचं सांगितलं. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. 'तुमची चूक नाही' असं म्हणाले नाहीत, याचं बरं वाटलं. नुसते माझ्या शेजारी बसून राहिले, ऊन खोक्यावरून सरकून जाईपर्यंत.

२ मे, गुरुवार

आज दुसरी बैठक. मी मागेच बसले, केक न घेता.

मिस्टर मॅथिस पुढे गेले आणि कागद टेबलावर ठेवला. आता नीट टाईप केलेला. वकिलाने वाचला, मिस्टर टार्पलींना दाखवला. टार्पलींची मान कॉलरपासून वर लाल होत गेली.

"हे कुणी लिहिलं?" वकिलाने विचारलं.

"मिस आर्नेटा गॅडिस यांनी. त्याच वाचून दाखवतील."

"त्या मालक नाहीत."

"मी आहे. आणि मी ऐकल्याशिवाय सही करत नाही. वय झालंय, वाचायला त्रास होतो."

असलं धडधडीत खोटं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतो हा माणूस.

मी पुढे गेले. मालकांच्या खुर्च्यांमधून वाट काढत. कागद चार ओळींचा होता, मी तो सावकाश वाचला. आवाज बारीक झाला नाही. वाचताना हॉलच्या भिंती कुठंतरी विरघळल्या आणि मला फक्त ती वाट दिसत होती, उन्हातली, रिकामी.

मिस्टर टार्पली म्हणाले, "आर्नेटा, आपण हे दुकानात बोलू शकलो असतो."

"दुकानात तुम्ही 'आपण सगळेच' म्हणाला होतात," मी म्हटलं. "ते लिहून घ्यायचं राहिलं होतं."

कुणीच हसलं नाही. शेवटी मिस्टर टार्पलींनी पेन मागितलं.

१४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार

ठरावात 'पहिल्याच वर्षी' म्हणतात, पण लागतं दीड. आज वळणावर काँक्रीट ओतलं. मी दुकानाला कुलूप लावून बघायला गेले. झेल्मा लाँड्रीतल्या आपल्या पाळीच्या सगळ्या बायकांना घेऊन आली होती, सगळ्यांच्या हाताला साबणाचा वास. करड्या काँक्रीटवर एक माणूस गुडघे टेकून लाकडी थापी फिरवत होता, हळूहळू, झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

"भाडं वाढल्याचं पत्र आलं का गं?" झेल्माने विचारलं.

"आलं."

"मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"आणि तू म्हणाली होतीस, फुटपाथ तर होईल." तिने नाक पुसलं. "वाटलं होतं तुला चिडवेन. आता काय चिडवू, डोंबल."

चार वाजून गेले. फ्लोरीन आज दिसली नाही. मी तिची वाट बघितली नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

९ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर मिस्टर मॅथिस म्हणाले, बस थांब्यापर्यंत चालून बघायचं का. हल्ली ते आमच्याच चर्चला येतात. त्यांच्या चर्चचं छप्पर गळतं म्हणे.

हवा इतकी स्वच्छ होती की आपलेच बूट वाजताना ऐकू येत होते. मला त्याची सवय नाही, मातीत आवाज होत नाही. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत आली, आम्ही बाजूला झालो, ती 'आभारी आहे' म्हणाली आणि पुढे गेली. एवढंच. मला तिच्या मागे जाऊन तिला पुन्हा एकदा चालायला सांगावंसं वाटलं.

एक गंमत. मिस्टर मॅथिस सतत गाड्यांच्या अंगाने चालत होते. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मी बाजू बदलली, म्हणजे माझं बोलणं नीट ऐकू यावं. ते बोलता बोलता माझ्यामागून वळसा घालून पुन्हा रस्त्याच्या अंगाला. मी परत बदलली. ते परत तिकडेच. ट्रक आला तेव्हा त्यांनी माझ्या कोपराला हात लावला आणि तो गेल्यावरही हात तिथेच राहिला, थांबा येईपर्यंत. बहुतेक विसरले असावेत.

मी विचारलं, "तिकडूनच का चालता? ऐकू तरी येतं का मी काय बोलते ते?"

"निम्मं येतं," ते म्हणाले. "उरलेलं दिसतं."

टपाल वाटण्याची जुनी सवय असेल. पेट्या रस्त्याच्या अंगालाच असतात.